गेला म्हणजे कुठे गेला?

आपल्याकडे 'गेला' हे क्रियापद माणसांपेक्षा वस्तूंसाठी जास्त वापरलं जातं आणि तेही फार घाईने. माणसाच्या बाबतीत निदान डॉक्टर येतो, नाडी बघतो, छातीला नळी लावतो, डोळ्यांवर बॅटरी मारतो आणि मग खाली बघत मान हलवतो. वस्तूच्या वाट्याला एवढाही शिष्टाचार येत नाही. मिक्सर घरघरला, गेला. पंखा सावकाश फिरतो, गेला. आणि ती सोळा अक्षरं रुंद, दोन ओळी उंच अशी निळी खिडकी, जिला सगळे 'डिस्प्ले' म्हणतात, ती जरा गप्प बसली की लगेच तिच्या नावाने आंघोळ करून मंडळी मोकळी!

माझं म्हणणं असं आहे की डिस्प्ले सहसा जात नसतो. हे मी आमच्या सोसायटीच्या सभेत दोनदा आणि जिन्यात असंख्य वेळा मांडलेलं आहे. सभेत ते इतिवृत्तात घेतलं गेलं नाही आणि जिन्यात कोणी इतिवृत्त लिहीत नाही, म्हणून इथे लिहितो.

मी हे हवेत बोलत नाही. टेलिफोनच्या तारा जोडण्यात माझी तीस वर्षं गेली. ठार मेला म्हणून तक्रार आलेला फोन उघडावा, तर तो आतून ठणठणीत. दोष कुठे, तर खांबावरच्या गंजलेल्या जोडात, नाहीतर गच्चीवरच्या उंदराच्या दातांत. पण ग्राहकाला ते पटत नसे. त्याला नवा फोन हवा असे, शक्यतो लाल रंगाचा.

तर आमची इमारत वाकोल्याला. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला कलिन्याचं विद्यापीठ आणि मधून मिठी नदीला जाऊन मिळणारा वाकोला नाला. म्हणजे विमान, विद्या आणि वास या तिन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर. नळाला पाणी ठरल्या वेळी येतं. ते आधी जमिनीखालच्या टाकीत उतरतं आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. पंप चालू-बंद करणं हे वॉचमनचं काम. आमचे वॉचमन सावंतवाडीकडचे, साठीला टेकलेले. त्यामुळे सेक्रेटरींपासून बालवाडीतल्या पोरांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणतात. टाकी भरली हे मामांना कसं कळे? तर टाकीचं पाणी ओसंडून तिसऱ्या मजल्याच्या पत्र्यावर तडतड वाजू लागलं की मामा खुर्चीतून उठत. पद्धत अचूक होती. फक्त प्रत्येक खेपेला चार-सहा बादल्या पाणी गटारात जाई आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची दुपारची झोप त्याच्याबरोबर वाहून जाई.

यावर चौथ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने तोड काढली. टाकीत तरंगते गोळे सोडायचे, त्यांच्या तारा खाली पंपाच्या खोलीत आणायच्या, तिथे एक आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड बसवायचा आणि मामांच्या केबिनमध्ये डिस्प्ले लावायचा. हा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्हरेया या गावी जन्मला आणि त्याचं नाव तिथल्या एका बारवरून ठेवलेलं आहे. ही माहिती मी खजिनदारांना मुद्दाम दिली नाही. ते माळकरी आहेत. बजेट नामंजूर झालं असतं.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर उद्घाटन ठरलं. नारळ फुटला, सेक्रेटरींनी बटण दाबलं, डिस्प्ले सुरेख निळा उजळला आणि त्यावर काहीही उमटलं नाही. एक अक्षर नाही. सेक्रेटरी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गेला."

आता मला सांगा, जो आत्ताच आला, तो इतक्यात जाईल कसा?

या डिस्प्लेच्या पाठीवर एक लहानसा स्क्रू असतो. तो कॉन्ट्रास्टचा. कारखान्यातून निघताना तो कुठेही थांबलेला असतो. तो योग्य जागी नसेल तर अक्षरं उमटलेली असूनही दिसत नाहीत, कारण अक्षराचा रंग आणि मागचा रंग एकच होतो. चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने तो किंचित फिरवायचा, एवढाच इलाज. दात कोरण्याइतकं सोपं काम. मी तसं म्हणालोही. पण कमिटीवर नसलेल्या माणसाचं बोलणं आमच्याकडे लग्नातल्या मंगलाष्टकांसारखं मानतात. म्हणजे सगळे ऐकत असतात, पण लक्ष अक्षतांकडे. खजिनदारांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "नवीन आणू."

आणि ते खरोखरच ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून नवा डिस्प्ले घेऊन आले. (त्या रस्त्याचं नाव केव्हाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालेलं आहे, पण तिथे जाऊन तो मार्ग विचाराल तर दुकानदारच तुम्हाला विचारतील, "लॅमिंग्टन रोडला जायचंय का?") जुना डिस्प्ले भंगाराच्या पेटीत पडला. व्हाउचर झालं. त्यावर खजिनदारांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'डिस्प्ले गेल्यामुळे नवीन, एक नग.'

नवा लावला. याच्यावर काहीतरी दिसलं. वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन, खालची ओळ कोरी. सेक्रेटरी म्हणाले, "हाही गेला. माल चायनाचा."

इथे माझा संयम सुटला. वरच्या ओळीत चौकोन दिसणं ही त्या डिस्प्लेची धडधडीत जिवंतपणाची खूण आहे. तो सांगत असतो की, बाबांनो, मला वीज मिळाली, माझा स्क्रूही जागेवर आहे, पण मला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी कामावर आलेल्या कारकुनासारखा तो टेबलावर हात ठेवून बसलेला असतो. त्याला काम देणारा निरोप त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. त्यात त्याचा काय अपराध?

निरोप का पोचत नव्हता, ही गोष्ट पत्त्याची आहे. बोर्ड आणि डिस्प्ले दोनच तारांवरून बोलतात. ही रीत फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढली. त्या दोन तारांवर अनेक पाहुणे बसू शकतात, म्हणून प्रत्येकाला घर नंबर असतो. आपल्या डिस्प्लेच्या पाठीवर निरोप घेणारी जी चिप असते, तिच्यात दोन सख्ख्या बहिणी आहेत. नाव एकच, फक्त धाकटीच्या नावापुढे एक 'ए' जास्त. थोरली सहसा ३९ नंबरला राहते, धाकटी ६३ नंबरला. दिसायला दोघी सारख्या, दुकानदार दोन्ही एकाच डब्यातून देतो आणि डब्यावर काही लिहिलेलं नसतं. पहिल्या डिस्प्लेवर थोरली होती, नव्यावर धाकटी निघाली. आमचा बोर्ड बिचारा ३९ नंबरचं दार ठोठावत होता आणि तिथे कोणी राहतच नव्हतं. वाकोला मशिदीजवळ म्हणून सांगितलेला पत्ता पाइपलाइन रोडवर शोधत हिंडणाऱ्या कुरिअरवाल्यासारखी त्याची गत झाली.

तो मुलगा दोन दिवस प्रोग्राम बदलत बसला होता. त्याला म्हटलं, "अरे, आधी घर कुठलं ते तर विचार." "काका, त्याचा एक प्रोग्राम असतो," तो म्हणाला. पोस्टमनसारखा तो एकापासून सुरुवात करून प्रत्येक दारावर टकटक करत जातो आणि आतून 'ओ' आली की नंबर लिहून घेतो. एका मिनिटाच्या आत ६३ नंबरने ओ दिली. नंबर बदलला आणि अक्षरं उमटली. लगेच मी भंगाराच्या पेटीतून पहिला डिस्प्ले काढला, त्याचा स्क्रू पाव वळसा फिरवला. तोही बोलू लागला. म्हणजे सोसायटीच्या दप्तरात मयत म्हणून नोंद झालेले दोन्ही इसम हयात होते.

एवढ्यावर कोणी ओशाळलं असेल अशी तुमची समजूत असेल तर तुम्ही सहकारी गृहनिर्माण संस्थेत कधी राहिलेला नाहीत. संध्याकाळी पंप सुरू झाला आणि डिस्प्ले जपानी बोलू लागला. खरंच सांगतो. खट्ट करून मोटर चालू झाली की इंग्रजी अक्षरांच्या जागी चित्रविचित्र काड्या आणि आकडे. सेक्रेटरी म्हणाले, "व्हायरस." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "बंद करून परत चालू करा." त्यांनी सुचवलेला उपाय तेवढ्यापुरता लागू पडला आणि त्यामुळे खरा उपाय आठ दिवस लांबला.

खरा प्रकार असा की ती दोन तारांची रीत मुळात एकाच पेटीतल्या चिपांनी आपसात कुजबुजावं म्हणून निघाली. आम्ही ती कुजबूज पंपाच्या खोलीतून मामांच्या केबिनपर्यंत तीस फूट नेली, तीही मोटरच्या जाड केबलला दोऱ्याने बांधून. मोटर सुरू होताना त्या केबलमध्ये जो गोंगाट उसळतो, त्यात कुजबूज ऐकू येणार कशी? शिवाय या जोडणीत प्रत्येक अक्षर दोन हप्त्यांत जातं, अर्धं आधी, अर्धं नंतर. मधला एक हप्ता बुडाला की पुढचा सगळा हिशेब अर्ध्याने सरकतो आणि भलतीच अक्षरं येतात. (हप्ता बुडाल्यावर हिशेब कसा सरकतो, हे आमच्या खजिनदारांना पटकन समजलं.) बोर्ड उचलून केबिनमध्ये डिस्प्लेच्या शेजारी आणला. गोळ्यांच्या तारा लांब राहिल्या, पण त्यांना फक्त हो किंवा नाही एवढंच सांगायचं असतं आणि ते गोंगाटातही दोन-तीनदा विचारून खात्री करून घेता येतं. जपानी बंद झालं.

पण ते जपानी माझ्या डोक्यातून जाईना. ते आलं कुठून? तर ते आधीपासून आतच होतं. या डिस्प्लेचं डोकं म्हणजे १९८० च्या दशकात जपानच्या हिताची कंपनीने बाजारात आणलेली एक चिप, एच. डी. ४४७८०. ती किंवा तिची नक्कल अजूनही अशा डिस्प्लेंत असते. तिच्या पोटात अक्षरांचे साचे कायमचे कोरलेले असतात. इंग्रजी, आकडे आणि सोबत जपान्यांची काताकाना लिपी. झालंच तर हजार, दहा हजार आणि येन यांची चिन्हंसुद्धा. आपल्याकडची पोरं तापमान दाखवताना आकड्यापुढे अंशाचं जे बारीक गोल चिन्ह टाकतात, तेही बऱ्याचदा या जपानी अक्षरांतूनच उसनं घेतलेलं असतं. मुळात ते 'ह' चा 'प' करणारं चिन्ह आहे. जपान्यांनी चिप केली, आपल्या बाजारासाठी केली आणि आपली लिपी आत घालून ठेवली. यात त्यांचा काडीमात्र दोष नाही. उलट, याला म्हणतात घरचं कार्य!

आणि आमच्या केबिनमध्ये काय दिसत होतं? इंग्रजीत 'टँक फुल' आणि 'टँक लो'. सगळे खूश. टाळ्यासुद्धा झाल्या. दुसऱ्या दिवशी पत्र्यावर पुन्हा तडतड. सेक्रेटरी तणतणत खाली आले. "मामा, एवढं समोर लिहिलंय, दिसत नाही?" मामा म्हणाले, "दिसतंय ना साहेब. काय लिवलंय?"

इथून पुढे माझा खरा वाद आहे.

हे मामा रोज सकाळी मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानाच्या मथळ्यापासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात. सोसायटीत ते पत्र इतकं पुरतं वाचणारं दुसरं कोणी नाही. बाकीचे पाहतात ते निधनवार्ता आणि राशिभविष्य, तेही याच क्रमाने. असा माणूस एका खिडकीपुढे उभा केला आणि त्याला दोन मिनिटांत निरक्षर करून टाकला. वर त्यालाच विचारायचं, दिसत नाही का?

सभेत मी हे मांडलं तेव्हा तीन तोडगे आले. पहिला : मामांना दोन इंग्रजी शब्द शिकवा. शिकतीलही. पण उद्या मामा रजेवर गेले आणि बदली माणूस आला की पुन्हा शाळा भरवायची का? आणि शिकायचं नेहमी वॉचमननेच का? बोर्डाला शिकवणं सोपं आहे, तो पगारवाढ मागत नाही. दुसरा तोडगा सेक्रेटरींचा : मराठीच पण इंग्रजी अक्षरांत लिहू. म्हणजे ज्याला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, त्याच्या सोयीसाठी इंग्रजी अक्षरं! ज्याला ती वाचता येतात, त्याला 'टँक फुल' कळतंच. मग ही सोय नेमकी कोणाची? सवय आपल्या मोबाइलवरच्या निरोपांची आहे आणि ती मामांच्या गळ्यात बांधायची. तिसरा तोडगा मात्र वजनदार होता, तो मी मान्य करतो : डिस्प्ले काढून टाका, लाल आणि हिरवा दिवा लावा. रेल्वे त्याच्यावर चालते, पंपही चालेल. पण दिवा निरक्षराला पुरतो म्हणून साक्षराने दिव्यावर समाधान मानावं, हे मला पटत नाही. आणि मग दोन डिस्प्ले घेतले कशाला?

वास्तविक ही गोष्ट करता येत नाही असं आपल्याला कोणी सांगू नये. संगणकाला भारतीय लिप्या लिहायला लावणारं 'जिस्ट' हे तंत्र आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. पुणं म्हणजे काही परदेश नव्हे, निदान आमच्याकडचे तरी तसं उघड बोलत नाहीत. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांचं सरकारी मानक ठरलं आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातही देवनागरी होती. राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला तर केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आमच्या कंपाउंडमध्ये पेढेही वाटले गेले. ते पेढे ज्या केबिनमध्ये ठेवले होते, तिथल्या चिपेत काताकाना आहे आणि 'क' नाही.

बरं, थोडा जास्त खर्च करून ठिपक्या-ठिपक्यांचा मोकळा डिस्प्ले घ्यावा, ज्यावर हवी ती लिपी काढता येते, तर तिथे दुसरीच गंमत. मराठीची पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, पण युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवलेली असते. दाखवताना ती उचलून पुढे नेण्याचं काम कोणीतरी करावं लागतं. मोठ्या संगणकात ते होतं. छोट्या बोर्डावर ते कोणी केलंच नाही, तर वेलांटी मागच्या मागेच राहते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून पडतात. दुकानांच्या पाट्यांवर आणि पावत्यांवर तुम्ही असलं मराठी पाहिलेलं आहे. आपण ते वाचतो, हसतो आणि पैसे देतो.

म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, "आहे त्याच डिस्प्लेवर करू." या चिपेत आपल्या मनाची अक्षरं ठेवायला जागा असते. किती? आठ. पाच ठिपके रुंद, आठ ठिपके उंच अशी आठ घरं. त्याच्या आजी शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी चौकटीचा कागद ओढला आणि म्हणाल्या, "एवढंच ना? ही तर ठिपक्यांची रांगोळी." इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला जे सुचलं नव्हतं, ते त्यांनी पेन्सिलीने वीस मिनिटांत केलं. 'क' च्या पोटासाठी त्यांनी थोडी कुरकुर केली, पण काढला.

मग मोजणी. 'टाकी भरली' : ट, काना, क, दुसरी वेलांटी, भ, र, ल. सात घरं, वेलांटी दुसऱ्यांदा वापरायला फुकट. 'टाकी रिकामी' : ट, काना, क, दुसरी वेलांटी, पहिली वेलांटी, र, म. हीही सातच. पण दोन्ही मिळून नऊ होतात आणि घरं आठ! मुंबईत जागेचा प्रश्न इथेही सुटलेला नाही. मात्र त्यावर मुलाने मुंबईचाच उपाय काढला : एक निरोप गेला की त्याची अक्षरं घराबाहेर काढायची आणि दुसऱ्याची आत घ्यायची. पागडी नाही, डिपॉझिट नाही, काम सेकंदाच्या आत.

सौंदर्याच्या दृष्टीने बोलाल तर दोन घरांमध्ये काचेतच फट असल्यामुळे शिरोरेषा प्रत्येक अक्षराला तुटते. सेक्रेटरींनी लगेच आक्षेप घेतला की अक्षर सुबक नाही. ज्यांच्या स्वतःच्या सहीवरून बँकेने दोनदा चेक परत पाठवला, त्यांनी हे म्हणावं! मामांनी चष्मा वर केला, खिडकीजवळ गेले आणि वाचलं, "टाकी भरली." मग जरा निरखून म्हणाले, "'भ' वायच वाकडो आसा." आजींनी तो दुसऱ्या दिवशी सरळ करून पाठवला.

तेव्हापासून पत्रा वाजलेला नाही. हिशेबनीसांनी मार्चअखेरीला विचारलं की व्हाउचरावरचा 'गेलेला' डिस्प्ले दाखवा, तेव्हा खजिनदारांना तो केबिनच्या भिंतीवर लखलखताना दाखवावा लागला. नवा कुठे आहे, तर तो मुलाकडे, पुढच्या प्रयोगासाठी. हिशेबनीसांनी शेरा काय मारावा, हे अजून ठरलेलं नाही.

परवा मामा स्वतःहून माझ्याकडे आले. गणपतीला ते पंधरा दिवस गावी जातात आणि तेवढे दिवस पंप सेक्रेटरींच्या ताब्यात असतो. मामा म्हणाले, "साहेब, अजून एक वाक्य घाला. साहेबांस्नी टाकी भरली इतकं कळतलं, पण पुढे काय करूचा ता कळूचा नाय. 'मोटर बंद करा' असा घाला."

मी कागद घेतला. म, काना-मात्रा, ट, र, अनुस्वारासकट ब, द, क, काना. बरोबर आठ.